सुटे अंक निवडावेत की अख्खं खोकं उचलावं?

छोट्या कॉमिक मेळाव्यात मालिकेतले राहिलेले अंक शोधत असाल तर सवलतीच्या खोक्यांतून सुटे अंक निवडणंच बरं. हव्या क्रमांकांची यादी सोबत ठेवा आणि दार उघडताच पोहोचा, कारण चांगले अंक पहिल्या तासातच उचलले जातात. विक्रेत्याला विचारून अंक पिशवीतून बाहेर काढा. पिना गंजल्यात का, मधलं पान सुटलंय का, कण्यावर चिकटपट्टी आहे का, हे बघा. 1974 ते 1976 मधल्या बऱ्याच मार्व्हल अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर 'व्हॅल्यू स्टॅम्प', म्हणजे वाचकांनी कापून जमवायचा छापील शिक्का, असे. तो कापलेला असेल तर मुखपृष्ठावरून कळत नाही आणि किंमत मात्र कोसळते. म्हणून प्रत्येक पान उलटून पाहाच.

नुसतं वाचायचं असेल तर खोकं परवडतं. लांब खोक्यात दोनेकशे अंक मावतात. ते वजन परत न्यायला नको म्हणून शेवटच्या तासात विक्रेता भाव सोडतो. पण त्यात दुबार प्रती आणि नव्वदच्या दशकात भरमसाट छापलेले अंक फार निघतात. वरचे चार अंक पाहून भुलू नका, तळाचेही काढून पाहा. कुबट वास आला तर घेऊच नका. बुरशी घरच्या संग्रहातही पसरते.