स्टार्टरच्या झाकणावरचा क्यूआर कोड: पानाच्या नेमक्या भागाशी जोडल्यानंतरचा अनुभव

पंचगंगेचे पाणी वाढू लागले की नदीकाठच्या मोटारी वर काढण्याची धांदल उडते. नेमक्या त्याच दिवसांत मोटार चालू-बंद करणाऱ्या आमच्या काही स्टार्टर पेट्यांवरचे क्यूआर कोड उघडेनासे झाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे शेतीपंपांच्या विक्रीचे आणि मोटार रिवाइंडिंगचे काम चालते. देखभालीच्या सगळ्या सूचना आम्ही आमच्या संकेतस्थळाच्या एकाच लांबलचक पानावर ठेवल्या आहेत. पूर्वी प्रत्येक पेटीवर एकच कोड होता आणि तो पानाच्या माथ्याशी उघडत असे. रात्रपाळीच्या विजेवर ऊस पाजणारा माणूस मोबाइलच्या उजेडात ते पान किती सरकवणार? शेवटी फोन येई, “दादा, पान उघडलंय, पण आमचं दुखणं कुठं लिहिलंय?”

त्यावरचा उपाय सोपा होता. पानातल्या प्रत्येक विभागाला आयडी, म्हणजे ओळखीचे नाव दिले, पत्त्याच्या शेवटी # आणि तो आयडी जोडला आणि त्या पूर्ण पत्त्याचा कोड छापला. आता ओव्हरलोड रिले (जादा भार आला की मोटार बंद करणारा भाग) पडला तर एक कोड, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळून पंपाने हवा धरली तर दुसरा, मोटार पुरात बुडाली तर तिसरा, आणि प्रत्येक कोड थेट आपापल्या मजकुरावर नेतो. ही सोय मला मनापासून आवडली आहे आणि पुढची तक्रार वाचताना हे मत लक्षात ठेवावे.

सुरुवातीला माझा कल डायनॅमिक कोडकडे होता, कारण छापलेला स्टिकर तसाच ठेवून त्यामागचा पत्ता बदलता येतो. मात्र असा कोड आधी सेवा देणाऱ्याच्या छोट्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या पानाकडे वळवला जातो. पुराच्या त्याच दिवसांत आमची वर्गणीची मुदत संपली आणि शेतकऱ्यांना पंपाच्या सूचनांऐवजी त्या सेवेची नूतनीकरणाची सूचना दिसू लागली. आमच्या ईमेलला त्या सेवेकडून उत्तर म्हणून केवळ दरपत्रक आले. ज्या स्टिकरचे पैसे आम्ही छापखान्याला एकदाच दिले, त्याचे भाडे दरवर्षी का द्यावे, हे मला कोणी पटवून देऊ शकले नाही. साध्या स्थिर कोडमध्ये पत्ता थेट चौकटींतच लिहिलेला असतो, त्याला मुदत नसते आणि खर्चही नसतो. त्यामुळे माझे मत पूर्ण बदलले आहे: आपले पान आणि आयडी कायम राहणार असतील तर स्थिर कोडच घ्यावा.

आता ज्या दोषाने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले त्याविषयी. आमच्या पानाच्या वरच्या बाजूला दुकानाचे नाव आणि फोन क्रमांक असलेली आडवी पट्टी आहे आणि पान कितीही सरकवले तरी ती जागची हलत नाही. कोड स्कॅन केल्यावर ब्राउझर विभागाचा आरंभ पडद्याच्या अगदी वरच्या कडेला आणून ठेवतो, म्हणजे तो त्या पट्टीखाली जातो. रिलेच्या विभागाचे शीर्षक झाकले गेले असते तर मी गप्प बसलो असतो, परंतु त्यासोबत पहिली सूचनाही झाकली जात होती, आणि ती सूचना होती, “आधी मेन स्विच बंद करा.” पडद्यावर दिसणारे पहिले वाक्य झाकण उघडून रिलेचे बटण दाबण्याचे होते. ओल्या पायांनी, थ्री फेज पुरवठ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपण हे वाचायला देत होतो. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने प्रथम “रचनाच तशी आहे” असे सांगितले आणि नंतर दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले. प्रत्यक्षात सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, त्या विभागांना स्क्रोल-मार्जिन-टॉप हा गुणधर्म पट्टीच्या उंचीइतका द्यायचा असतो. एका ओळीचे हे काम माझ्या पुतण्याने घरी बसून केले. त्याच बैठकीत प्रत्येक छायाचित्राची रुंदी आणि उंची त्याने पानात लिहून ठेवली, म्हणजे चित्राची जागा आधीच राखली जाते, कारण नदीकाठी नेटवर्क मंद असले की वरची चित्रे उशिरा उतरत आणि योग्य जागी आलेला मजकूर काही फोनवर खाली ढकलला जाई.

आयडी देवनागरीत ठेवण्याची माझी फार इच्छा होती आणि ब्राउझर तो स्वीकारतो. अडचण छपाईत येते. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट टक्केचिन्हांसह लिहिले गेले की नऊ अक्षरे होतात, त्यामुळे ‘मोटार’ या एका शब्दाला 45 अक्षरे लागतात. एम दर्जाच्या दुरुस्तिक्षमतेत (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा यासाठीची मध्यम पातळी) 29 बाय 29 चौकटींच्या कोडमध्ये 42 बाइट, म्हणजे अशी 42 अक्षरे मावतात. आमचा पत्ता या शब्दासह 37 बाय 37 वर गेला. तेल, धूळ आणि पावसाचे शिंतोडे झेलणाऱ्या झाकणावर चौकटी जितक्या मोठ्या तितक्या बऱ्या, म्हणून छोट्या रोमन अक्षरांचे आयडी ठेवले. त्यांत लहान आणि मोठ्या (कॅपिटल) अक्षरांचा भेद पाळावा लागतो, हेही छपाईपूर्वी तपासावे.

आयडी न देता मजकुरातल्या शब्दांवरच नेणारी टेक्स्ट फ्रॅगमेंटची पद्धतही आहे. ती क्रोममध्ये 2020 पासून आणि फायरफॉक्समध्ये 2024 पासून चालते. मात्र त्या वाक्यातला शब्द आपण सुधारला की पान पुन्हा माथ्याशी उघडते. छापील स्टिकरसाठी मला ती भरवशाची वाटत नाही.

कोणता कोड किती वेळा उघडला हे कळावे यासाठी पैसे देऊन सेवा घ्यावी लागते, असे मला सांगण्यात आले होते. # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला (पान पुरवणाऱ्या संगणकाला) पाठवतच नाही, हे खरे आहे. परंतु त्याच्या आधी प्रश्नचिन्ह देऊन विभागाची एक छोटी खूण लिहिली की सर्व्हरच्या नोंदीत ती दिसते. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नये, नाहीतर ती खूण आयडीचाच भाग मानली जाते आणि पान विभागापर्यंत पोहोचत नाही. या नोंदींवरूनच पुराचा विभाग सर्वाधिक पाहिला जातो हे समजले. त्यामुळे मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासल्याशिवाय मोटार सुरू करू नये, ही सूचना आता त्या विभागाच्या पहिल्या ओळीत घेतली आहे.