मकरपुऱ्यातलं चेसिस मशीनिंग: बुलेटची चाल खरंच सुधारते का?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, जॉबवर्क करणाऱ्या एका मशीन शॉपमध्ये बुलेटची चेसिस सरळ करून बेअरिंगच्या बैठका, म्हणजे बेअरिंग बसण्याच्या जागा, मशीन करून मिळतात. काम पक्कं आहे, मात्र प्रत्येक गाडीला ते लागतंच असं नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा हँडल मधोमध अडकत असेल, तर आधी टायर, हवा, स्पोक, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश आणि बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासा. रेसरच्या वाटीत बोट फिरवल्यावर खाचा लागल्या तर नवा रेसर टाका. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. नवा रेसरही थोड्याच दिवसांत खाचला, तर मात्र दोष बहुधा बैठकीचा.

कारण साधं आहे. हेड पाइप, म्हणजे चेसिसच्या पुढच्या टोकाची नळी जिच्या दोन्ही तोंडांत रेसरच्या वाट्या बसतात, 180 मिलीमीटर लांब धरा. वरची आणि खालची वाटी एकमेकींपासून आडवी अर्धा मिलीमीटर सरकलेली असेल, तर 700 मिलीमीटर खाली, चाकाच्या धुऱ्यापाशी, तोच फरक जवळजवळ 2 मिलीमीटर होतो. चिमट्याचंही तसंच. पिव्हटच्या, म्हणजे चिमटा चेसिसला जिथे बोल्टवर फिरतो त्या जागेच्या, 200 मिलीमीटर रुंदीत अर्ध्या मिलीमीटरचा तिरकेपणा असला, तर 500 मिलीमीटर मागे चाक सव्वा मिलीमीटर हटतं. वेल्डिंगच्या उष्णतेने हेड पाइप आकसून अंडाकृतीही होतो. म्हणून आधी वेल्डिंग, मग सरळ करणं, मग मशीनिंग आणि शेवटी रंग, हा क्रम मोडू नये.

इथे तो क्रम पाळतात, हीच या शॉपची खरी जमेची बाजू. चेसिस सरफेस प्लेटवर (अगदी सपाट मापन-टेबलावर) घेऊन हेड पाइपात मँड्रेल (सरळ, अचूक दांडा) घालतात, डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावतात आणि आधीची व नंतरची मापं लिहून देतात. नळी गरम न करता थंडच दाबतात. पिव्हटची दोन्ही भोकं एकाच सेटिंगमध्ये बोअर करतात. जो बोल्ट आधी हातोड्याशिवाय जात नव्हता, तो नंतर अंगठ्याने आरपार सरकतो.

बुलेटच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते. चेसिस खालून उघडी असते आणि इंजिनच तिथे जोड पुरा करतं. रिकामी चेसिस प्लेटवर अगदी सरळ दिसली, तरी इंजिनचे बोल्ट आवळताना ती पिळली जाऊ शकते. म्हणून इंजिन सोबत न्या. बोल्ट सैल असताना इंजिन धरणारी पट्टी आणि इंजिन यांच्यातली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजायला सांगा आणि जेवढी फट तेवढा शिम (पातळ पत्र्याची चकती) टाकून घ्या. बोल्टाच्या जोराने फट मिटवू देऊ नका. या शॉपमध्ये हे सांगितल्याशिवाय करत नाहीत, आणि ही उणीव छोटी नाही.

वाटीची बैठक घट्ट हवी. 47 मिलीमीटरच्या वाटीला 2 ते 5 शतांश मिलीमीटरचा दाब पुरतो, म्हणजे बैठक वाटीपेक्षा तेवढीच लहान हवी. एक दशांश मिलीमीटर जास्त कापलं गेलं तर वाटी आत फिरू लागते आणि मग स्लीव्ह (आतून बसवायची कडी) घालण्यावाचून इलाज नसतो. पावडर कोटिंगचा थरही 60 ते 100 मायक्रॉनचा असतो. बैठका झाकल्या नाहीत, तर काटेकोर मशीनिंगवर पाणी पडतं. हेड पाइपाच्या दोन्ही तोंडांना आणि पिव्हटला रबरी बूच लावूनच चेसिस कोटिंगला द्या. सँडब्लास्टिंगची रेतीही हवेने उडवून काढा, नाहीतर ती नव्या ग्रीसमध्ये उतरते.

मशीनिंगने चेसिस अधिक कडक होत नाही. नळी तीच, वेल्ड तोच. मापं मुळात बरोबर असतील तर वळणावर काहीच नवं जाणवणार नाही, आणि तशी मापं आली तर शॉपवाले स्वतःच काम नको म्हणून सांगतात. वाकडी चेसिस सरळ झाली की मात्र फरक पहिल्याच फेरीत कळतो. हँडलवर सतत द्यावा लागणारा एका हाताचा जोर नाहीसा होतो.

हेड पाइपापाशी चेसिस नंबर असेल, तर काम सुरू होण्याआधी त्याचा फोटो काढा आणि त्यावर ग्राइंडर लागणार नाही हे स्पष्ट बजावा. जोडणीनंतर 500 किलोमीटरवर स्टिअरिंगची ढिलाई पुन्हा तपासून घ्या. वाट्या बसल्या की थोडी ढिलाई येतेच.