मेलचिंप : यादी सांभाळणाऱ्याच्या नजरेतून

पुण्यातील एका लहान प्रकाशन संस्थेच्या वाचक-यादीचे काम मी गेली काही वर्षे पाहते. ही यादी मुख्यतः पुस्तक प्रदर्शनांतील वह्यांतून वाढत गेली. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या वहीत येणारे-जाणारे वाचक नाव, गाव, फोन आणि शेवटच्या अरुंद रकान्यात ईमेलचा पत्ता लिहितात, आणि तो संगणकावर उतरवून घेणाऱ्याला एखादे अक्षर ‘यू’ आहे की ‘व्ही’ याचा निवाडा करत बसावे लागते. मेलचिंप या, एका यादीतील सर्वांना एकाच वेळी ईमेलने पत्रे पाठवण्याच्या सेवेचा हा परिचय अशा यादीच्या दृष्टीने लिहिलेला आहे. पत्रांची सजावट आणि तयार नमुने यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. यादी स्वच्छ ठेवण्याच्या कामी ही सेवा कितपत उपयोगी पडते आणि त्याचे पैसे कशा रीतीने घेते, एवढ्यापुरतेच मी लिहिणार आहे.

अमेरिकेतील अटलांटा येथे २००१ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०२१ मध्ये इंट्युइट या हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरना विकत घेतली. एकेकाळी मोफत योजनेत २,००० पत्ते ठेवता येत असत. पुढे ती मर्यादा ५०० वर आली. त्यामुळे ‘मेलचिंप फुकट आहे’ ही जुनी शिफारस ऐकून कोणी नोंदणी करणार असेल, तर त्याने आधी त्या दिवशीचे दरपत्रक उघडून पाहावे.

यादीचे आरोग्य पत्ता आत येतो त्या क्षणीच ठरते. मेलचिंपच्या नोंदणी-फॉर्मवर दोन प्रकारे नाव घेता येते. पहिल्या प्रकारात फॉर्म भरताच पत्ता यादीत जातो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे डबल ऑप्ट-इनमध्ये, त्या पत्त्यावर खात्री करून घेणारे एक पत्र जाते आणि त्यातील बटण दाबल्यावरच नाव पक्के होते. पूर्वी दुसरा प्रकार हाच इथला मूळ रिवाज होता. २०१७ मध्ये कंपनीने पहिल्या प्रकाराला मूळ पर्याय केले. हा बदल मला पटलेला नाही. यादी झटपट फुगते हे खरे, परंतु चुकीच्या स्पेलिंगचे, दुसऱ्याच्या नावाने भरलेले आणि यंत्रांनी घातलेले पत्तेही तितक्याच झटपट आत येतात. सुदैवाने यादीच्या सेटिंगमध्ये डबल ऑप्ट-इन चालू करण्याची सोय कायम आहे, आणि नवीन खाते उघडल्यावर पहिले काम तेच करावे. मात्र ही खात्री फॉर्मवरून येणाऱ्यांनाच लागू पडते. एक्सेलमधून आयात केलेले पत्ते तिला वळसा घालून थेट आत जातात. आमच्या वहीचा प्रश्न इथेच होता. शेवटी आम्ही वहीशेजारी फॉर्मचा क्यूआर कोड छापून ठेवला आणि ज्यांना जमेल त्यांना स्वतःच्या फोनवरून नोंदणी करायला सांगू लागलो. वही अजून आहे, कारण सत्तरीतल्या वाचकाला क्यूआर कोड दाखवणे मला बरे वाटत नाही. पण वहीतल्या पत्त्यांना आम्ही कार्यालयाच्या साध्या ईमेलवरून फॉर्मचा दुवा असलेले एकच छोटे पत्र पाठवतो आणि उत्तर आले नाही तर विषय सोडून देतो.

फॉर्मवरील आणि खात्रीच्या पत्रातील वाक्ये बदलून मराठीत लिहिता येतात, ही मला या सेवेची मोठी जमेची बाजू वाटते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला मिळाला पाहिजे, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने नाव आले याची नोंद मेलचिंप प्रत्येक पत्त्यासमोर ठेवते. पुढे कोणी ‘मी तुम्हाला पत्ता दिलाच कधी?’ असे विचारले, तर ही नोंद उत्तर देण्याच्या कामी येते.

पत्ते विकत घेण्याविषयी एकच सांगते. ‘पुण्यातील वाचनप्रेमींचे पन्नास हजार ईमेल’ अशी सीडी एका विक्रेत्याने आम्हालाही देऊ केली होती. विकत घेतलेल्या याद्या मेलचिंपच्या नियमांत बसत नाहीत आणि त्यासाठी खाते बंद होऊ शकते, हे तर आहेच. शिवाय अशा याद्यांत स्पॅम पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले किंवा कित्येक वर्षे बंद राहून सापळा म्हणून पुन्हा सुरू केलेले पत्ते असतात. त्यांवर एक पत्र गेले तरी पाठवणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जाण्याचा धोका असतो, आणि मग रीतसर संमती देणाऱ्या वाचकांची पत्रेही स्पॅममध्ये जाऊन पडतात.

परत येणाऱ्या पत्रांच्या बाबतीत ही सेवा उत्तम काम करते. पत्ता अस्तित्वातच नसेल तर पहिल्याच फेरीत तो ‘क्लीन्ड’ या गटात जातो आणि त्यावर पुन्हा पत्र जात नाही. पेटी भरलेली आहे, पलीकडचा सर्व्हर तात्पुरता बंद आहे, अशा कारणांनी पत्र परतले तर मेलचिंप वाट पाहते: ज्या पत्त्यावरून कधी काही हालचाल (पत्र उघडणे, दुव्यावर टिचकी मारणे) झालेली नाही त्याला सात वेळा, आणि पूर्वी हालचाल दिसलेल्याला पंधरा वेळांपर्यंत सवलत मिळते. हा भेद मला शहाणपणाचा वाटतो. दोन पत्रे परतली म्हणून जुन्या वाचकाचे नाव कापणे आणि कधीच न उघडलेला पत्ता वर्षानुवर्षे जपणे, या दोन्ही चुका हाताने यादी सांभाळताना मी केलेल्या आहेत. क्लीन्ड गट मात्र अधूनमधून स्वतः वाचावा. त्यात पूर्वी वहीतून उतरवलेले, ‘जीमेल’चे एखादे अक्षर गाळलेले पत्ते दिसतात, आणि वहीत पाहून त्यांतील काही वाचक परत मिळवता येतात.

आता निरोपाच्या दाराकडे, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याच्या सोयीकडे येते, कारण माझ्या मते यादी सांभाळणाऱ्या सेवेची खरी परीक्षा तिथेच होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या, पत्र खरोखर आपल्याकडूनच आले हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदींनी आपले डोमेन (पत्त्यातील ‘@’ नंतरचे नाव) प्रमाणित केलेले असले पाहिजे, एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय दिली पाहिजे आणि तशी विनंती दोन दिवसांत अमलात आणली पाहिजे. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाता कामा नये, ०.१ टक्क्याच्या खाली राहावे, ही गूगलची अपेक्षा आहे. हजार पत्रांमागे तीन वाचकांनी वैतागून स्पॅमचे बटण दाबले तरी आपण धोक्याच्या रेषेवर उभे असतो. आमच्यासारखी छोटी यादी ५,००० च्या उंबरठ्याखाली राहते, तरीही प्रमाणीकरण टाळण्यात अर्थ नाही. मेलचिंप डोमेनच्या नोंदींत घालायच्या ओळी तयार करून देते. त्या घालण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, मात्र त्यासाठी संस्थेचे स्वतःचे डोमेन हवे. जीमेलच्या पत्त्यावरून संस्थेची पत्रे पाठवण्याची सवय आता सोडलेली बरी.

बाहेर पडण्याचा दुवा आणि संस्थेचा टपालाचा पत्ता प्रत्येक पत्राच्या तळाशी असलाच पाहिजे, याबाबत मेलचिंप तडजोड करत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक अडचण आहे, जी इंग्रजी मार्गदर्शकांत मला सापडली नाही. पत्राचा एचटीएमएल मजकूर (म्हणजे सजावटीच्या खुणांसह मजकूर) सुमारे १०२ किलोबाइटच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापते आणि उरलेला भाग दुव्यामागे लपवते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी यांचाही हिशेब वेगळा होतो. त्यात मेलचिंपचे सजवलेले नमुने स्वतःच बरीच जागा खातात. परिणामी बारा पुस्तकांचा परिचय असलेले आमचे एक पत्र नेमके तळाशी कापले गेले, बाहेर पडण्याचा दुवा दिसेनासा झाला, आणि ज्यांना बाहेर पडायचे होते त्यांच्या हाताशी स्पॅमचे बटण तेवढे उरले. चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही एका पत्रात चारच पुस्तके घेतो आणि दुवा पत्राच्या सुरुवातीलाही देतो: ‘ही पत्रे नको असल्यास इथे टिचकी मारा’. सुरुवातीला दुवा देण्यास आमच्या संपादकांचा विरोध होता. वाचक दारातच परत जातील, असे त्यांना वाटे. ज्याला जायचे आहे तो कुठून तरी जाणारच. त्याने दारातून जावे, खिडकीची काच फोडून जाऊ नये, इतकेच माझे म्हणणे होते.

मेलचिंपबद्दलचा माझा मुख्य आक्षेपही याच दाराशी आहे. २०१९ पासून इथली आकारणी यादीतील एकूण संपर्कांवर होते, आणि त्या बेरजेत बाहेर पडलेले लोकही धरले जातात. म्हणजे वाचकाने निरोप घेतला, त्याला पत्र पाठवण्याचा अधिकार आपण गमावला, तरी त्याचे भाडे चालूच राहते. यातून सुटण्यासाठी अशा पत्त्यांना ‘आर्काइव्ह’ करावे, म्हणजे न पुसता बाजूला काढून ठेवावे लागते; आर्काइव्ह केलेले आणि क्लीन्ड पत्ते मोजले जात नाहीत. हे काम आपोआप होत नाही. दर महिन्याला बाहेर पडलेल्यांचा गट निवडून ते हाताने करावे लागते, आणि हे ठाऊक नसलेली संस्था वरच्या दरात कधी गेली हे तिला बिल आल्यावर कळते. आर्काइव्ह आणि कायमचे पुसणे यांतील फरकही लक्षात ठेवावा. आर्काइव्हमध्ये पत्त्याचा इतिहास राहतो. कायमचा पुसलेला पत्ता आपल्याला पुन्हा आयात करता येत नाही, त्या वाचकाला स्वतः फॉर्म भरावा लागतो. वाचकाने ‘माझी माहिती काढून टाका’ असे स्पष्ट सांगितले तरच पुसावे.

याच हिशेबामुळे एकाहून अधिक ‘ऑडियन्स’, म्हणजे स्वतंत्र याद्या, उघडू नयेत. कवितेच्या वाचकांची एक, बालसाहित्याची दुसरी अशा वेगळ्या याद्या केल्या, तर दोन्हींत असलेला वाचक दोनदा मोजला जातो आणि एका यादीतून बाहेर पडला तरी दुसरीतून त्याला पत्रे जात राहतात. एकच यादी ठेवून पत्त्यांना टॅग, म्हणजे ओळखीच्या चिठ्ठ्या, लावावेत. टॅगची सोय इथे खरोखर चांगली आहे. ‘नागपूर प्रदर्शन’, ‘ग्रंथालय’, ‘परदेश’ असे साधे टॅग आणि त्यांवरून गट पाडण्याची पद्धत एका दुपारी शिकता येते.

निष्क्रिय वाचकांची छाटणी हा सर्वांत नाजूक भाग आहे. सहा महिने पत्र न उघडणाऱ्याला काढावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मराठी प्रकाशकाने तो जसाच्या तसा पाळला तर त्याचे नुकसान होईल, कारण आमच्याकडे वर्षातून एकदाच, दिवाळी अंकांच्या दिवसांत, जागा होणारा वाचकवर्ग आहे. तो ऑक्टोबरात पत्र उघडतो, अंक मागवतो आणि पुढच्या वर्षापर्यंत मौन पाळतो. म्हणून आम्ही छाटणीची मुदत दोन दिवाळ्यांची ठेवली आहे. शिवाय पत्र उघडल्याच्या आकड्यावर फार विसंबता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे पत्रातील चित्रे वाचकाने पत्र न पाहताही आधीच उतरवली जातात आणि ते पत्र उघडले गेल्याची नोंद होते. आमच्या परदेशातील वाचकांत आयफोन बरेच आहेत. त्या टॅगचा आकडा पाहून आम्ही काही महिने उगाच खूश होतो. मेलचिंपच्या अहवालात ॲपलची ही भर वगळून पाहता येते, तरीही दुव्यांवरील टिचक्या आणि वाचकांची उत्तरे हाच मला अधिक भरवशाचा पुरावा वाटतो. छाटणीपूर्वी एक शेवटचे पत्र पाठवून ‘नाव ठेवायचे का?’ असे विचारतो. त्याला काही वाचकांकडून सविस्तर उत्तरे येतात. एका आजोबांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे वाचन बंद असल्याचे कळवून नाव ठेवण्याची विनंती केली होती.

सुरक्षेविषयी थोडक्यात. जानेवारी २०२३ मध्ये मेलचिंपच्या कर्मचाऱ्यांना फसवून १३३ खात्यांपर्यंत बाहेरच्यांनी हात पोचवल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले होते. यादी आपली असली तरी कुलूप दुसऱ्याचे आहे, हे ध्यानात ठेवून वाचकांच्या जन्मतारखा, घरचे पत्ते वगैरे अनावश्यक माहिती तिथे ठेवू नये, आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावावी.

पर्याय कोणते? तांत्रिक हाताळणी जमणाऱ्यांसाठी झेरोधा या शेअर दलाली कंपनीचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी तयार केलेले लिस्टमंक हे मुक्त सॉफ्टवेअर उत्तम आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवर चालते आणि पत्त्यांच्या संख्येवर त्याचे भाडे नाही. पत्रे प्रत्यक्ष पोचवण्यासाठी ॲमेझॉनच्या एसईएससारखी सेवा जोडावी लागते, जिचा दर हजार पत्रांना सुमारे १० सेंट आहे. परतलेली पत्रे, तक्रारी, प्रमाणीकरण ही सारी राखण मात्र आपल्यावर येते, आणि आमच्या तीन माणसांच्या कार्यालयात ती करणारा कोणी नाही.

म्हणून सध्या आम्ही मेलचिंपवरच आहोत. काही हजारांपर्यंत यादी असलेल्या, डॉलरमधील बिल परवडणाऱ्या आणि महिन्यातून एक तास यादीला देऊ शकणाऱ्या संस्थेला मी ती सुचवीन. पाचांपैकी साडेतीन तारे. पत्ते पुष्कळ पण पत्रे वर्षातून दोनदाच, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांना ती महाग पडेल. आमच्या कार्यालयातील दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या २५ तारखेला लाल पेनाने ‘आर्काइव्ह’ असे लिहिलेले आहे, कारण आमचे बिल २७ ला निघते.