जाळीचा हिमकण की फेल्टचा?

खानदेशात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. तरी नाताळ जवळ आला की भुसावळला, नवापूरकडे झाडाला टांगायला हिमकण लागतातच. घरी एम्ब्रॉयडरी मशीन असेल तर ते दोन तऱ्हांनी होतात: नुसत्या दोऱ्याची जाळी, नाहीतर फेल्टवर, म्हणजे दाबून केलेल्या नमद्यासारख्या जाड कापडावर, भरतकाम. दिसण्यात जाळीला तोड नाही, पण पहिलीच ऑर्डर पन्नास नगांची असेल तर मी फेल्ट घ्या म्हणेन.

सुरतेच्या बाजारात जिला केमिकल लेस म्हणतात, तिचंच जाळी हे घरगुती रूप. १८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनला रेशमावर भरून मग ते रेशीम रसायनानं नाहीसं करत. आता पाण्यात विरघळणाऱ्या पेपरवर भागतं. हा पेपर कापडासारखा, तंतूंचा घ्या. पातळ पारदर्शक प्रकार दाट टाक्यांखाली फाटतो. त्याचे दोन थर रिंगमध्ये, म्हणजे मशीनच्या भरतकामाच्या चौकटीत, ढोलकीसारखे ताणून बसवायचे. एरवी बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, पातळ पांढरा दोरा चालतो, इथे मात्र वरचाच दोरा खालीही भरा, कारण टांगलेली जाळी दोन्हीकडून दिसते. सुई ७५/११ मापाची.

खरी मेख फाइलमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या डिझाइनमध्ये आहे. कापडावरचं साधं डिझाइन इथे चालत नाही. पेपर विरघळला की टाक्यांना आधार फक्त एकमेकांचा, आणि ते आत गुंफलेले नसतील तर हातात गुंताच येतो. म्हणून फाइल घेताना ‘फ्री-स्टँडिंग लेस’ असं लिहिलेलं आहे ना, ते बघा. जमल्यास फाटेही मोजा. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचना धरतात, म्हणून खऱ्या हिमकणाला सहाच फाटे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६११ मध्ये या सहा कोनांवर पुस्तिकाच लिहिली होती. आठ फाट्यांच्या फाइलीही मिळतात, खपतातही. मला त्या खटकतात.

४ बाय ४ इंचांच्या रिंगमधल्या एका दाट जाळीला दहा-बारा हजार टाके सहज लागतात. मशीन मिनिटाला ४०० टाके घालत असेल तर अर्धा तास गेला, आणि दोराही भरपूर. मध्येच लाइट गेली तर रिंग काढू नका. जरा सरकली तरी पुढचे टाके आधीच्या टाक्यांत अडकत नाहीत. नंतर कडेचा पेपर कातरून कोमट पाण्यात धुवा, पण अगदी स्वच्छ नाही. बोटांना किंचित चिकट लागतंय तोवरच बाहेर काढा. पेपरची उरलेली ती खळ वाळली की जाळी कडक राहते. थर्माकोलवर सहाही टोकं टाचण्यांनी ताणून वाळवा. डिसेंबरच्या आपल्या कोरड्या हवेत हे झटपट होतं. पावसाळ्यातच करून ठेवायचे असतील तर हवाबंद डबा लागेल, नाहीतर खळ ओल धरते आणि टोकं लोळतात.

फेल्टचं काम त्यामानानं सरळ. रिंगमध्ये फाडून काढता येणारा पेपर, वर फेल्ट, त्यावर नक्षी. शेवटी रिंगच्या खालून दुसरा तुकडा लावून कडेची शिलाई मारायची आणि कातरायचं. धुणं नाही, ताणणं नाही, मागचा गिचमिड दोराही दडतो. टाके कमी म्हणून तेवढ्याच वेळात नग जास्त निघतात. त्रास कातरण्याचा आहे. बारीक फाट्यांच्या खाचांतून कात्री फिरवताना अंगठा भरून येतो, म्हणून जाड फाट्यांचं किंवा गोल चकतीवरचं डिझाइन निवडा. पांढरं फेल्ट धूळही लवकर धरतं.

शाळेच्या झाडावर, लहान मुलांच्या हाती जायचे असतील तर फेल्टच टिकेल. खिडकीत किंवा दिव्याच्या माळेजवळ टांगायचे असतील तर जाळी, कारण तिच्यातून उजेड आरपार येतो. चंदेरी दोऱ्यात केली तर दिवाळीच्या आकाशकंदिलालाही शोभते. जाळीचा विरघळणारा पेपर जवळपास मिळाला नाही तर सुरतेहून मागवा. आधी मीटरभरच घ्या आणि उरलेला पिशवीत घट्ट बांधून ठेवा, उघड्यावर तोही ओल धरतो.