पैसे पितळेचे घेतले, कॉक जस्ताचा बसवला

आमच्या ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनला नऊ वर्षं झाली होती. पाणी देणारा रबरी पाइप टोकाशी कडक होऊन चिरायला लागला होता, अँगल कॉकही, म्हणजे हा पाइप जोडलेला भिंतीतला नळही, पुरता बंद होत नव्हता. मशीन थांबलं तरी नळ उघडा असेल तर त्या पाइपात टाकीच्या पाण्याचा दाब दिवसरात्र असतो, कारण पाणी अडवणारा व्हॉल्व्ह पलीकडे, मशीनच्या आत असतो. म्हणून फुटायच्या आधीच दोन्ही बदलायला प्लंबरला बोलावलं.

“ताई, पितळी कॉक टाकतो, पाइप स्टीलच्या जाळीचा. दहा वर्षं बघायला नको.” सामान त्यानंच आणलं, १,८५० रुपये घेतले. पावती मागितली तर दुकानाचं नावही नसलेला चिठोरा हातात दिला. तो मी ठेवून घेतला, आणखी काही विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात खालच्या काकू आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती, रंगाचे पोपडे गळत होते. मी मशीनमागे हात फिरवला तर सगळं कोरडं. “आमच्याकडून नाही हो काकू,” असं मी त्यांना ठामपणे सांगितलं आणि पुढचे तीन आठवडे पाणी त्यांच्या डोक्यावर झिरपत राहिलं. मला सगळ्यात जास्त हेच लागलं आहे.

शेवटी दुसरा प्लंबर आणला. त्यानं कॉकला पाना लावला आणि कॉकची मानच तुटली, अर्धे आटे भिंतीत राहिले. तुटलेली जागा राखाडी आणि दाणेदार होती. पितळ आतून पिवळं असतं. हा जस्ताच्या मिश्रधातूचा कॉक होता, वरून चकचकीत क्रोमचा मुलामा दिलेला. बसवतानाच बहुधा आट्यांजवळ तडा गेला असावा. पाणी बाहेर ठिबकत नव्हतं, फ्लँजच्या, म्हणजे कॉकभोवती भिंतीला टेकणाऱ्या चकतीच्या, आडून टाइलच्या मागे जात होतं आणि तिथून स्लॅबमध्ये. नव्या पाइपातला वॉशरही आमच्याच जुन्या पाइपचा निघाला, दगडासारखा कडक.

पहिल्याला फोन केला. “पाण्यात क्षार आहेत, कॉक खाल्ला असेल,” म्हणाला. नंतर त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

कॉक भिंतीत जायच्या आधी हातात घ्या. टेफ्लॉन टेप गुंडाळण्यापूर्वी आट्यांवर खिळ्यानं ओरखडा काढा, आत पिवळं दिसलं पाहिजे. लोहचुंबकावर विसंबू नका, पितळेसारखाच जस्तालाही तो चिकटत नाही. काढलेले जुने भाग वॉशरसकट स्वतःकडे ठेवा. पावतीवर दुकानाचं नाव आणि मालाचं वर्णन लिहून घ्या, चिठोऱ्यावर भांडता येत नाही. आणि कपडे धुऊन झाले की नळ बंद करा.

काकूंच्या छताचा खर्च आम्हीच करतोय. स्लॅब अजून पुरता वाळलेला नाही, त्यामुळे रंग थांबलाय. तुटलेला कॉक मी डब्यात ठेवलाय. सोसायटीत कुणाकडे प्लंबर येणार असं कळलं की तो नेऊन दाखवते.