दहावीच्या पोरासाठी होमवर्क विचारायचं अ‍ॅप तीन महिने वापरलं, त्याबद्दल

लेक दहावीला, मराठी मीडियम, आम्ही साताऱ्यात. जूनमधे शाळा सुरू झाली आणि वर्गातल्या निम्म्या पोरांकडे ते प्रश्न विचारायचं अ‍ॅप होतं म्हणून आमच्याकडेही आलं. नाव लिहीत नाही, असली बरीच अ‍ॅप आहेत आणि मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये, बाकीच्या आईबापांना आत काय चालतं ते कळावं एवढंच. कल्पना जुनीच आहे, ब्रेनली नावाचं असंच अ‍ॅप पोलंडमधे 2009 ला सुरू झालं होतं, नंतर आपल्याकडे डाउटनट अ‍ॅपमुळे गणिताचा फोटो काढून विचारायची सवय लागली. आमच्या अ‍ॅपमधे दोन्ही चालतं, टाइप करा नाहीतर फोटो टाका, कोणीतरी अनोळखी माणूस उत्तर लिहितो.

आधी चांगलं सांगते. उत्तर पटकन येतं. रात्री साडेदहाला क्लासच्या सरांना फोन करता येत नाही, आम्ही दोघंही नोकरीवाले, माझी बारावी सायन्स होऊन वीस वर्षं झाली, मग पोराने विचारायचं कोणाला? आम्ही शेजारच्या दादाकडे वही घेऊन जायचो, हे पोरगं फोन घेऊन बसतं. त्यात मला काहीच वाईट वाटत नाही.

पण ऑगस्टमधे त्याची विज्ञानाची वही हातात आली आणि मी बसूनच राहिले. भिंगांचा धडा. त्यात पानभर लिहिलेलं, सुंदर अक्षरात, 'उत्तल लेन्स की फोकस दूरी' वगैरे. म्हणलं अरे उत्तल म्हणजे काय? त्याला सांगता येईना. पुस्तकात बहिर्वक्र भिंग (मधे फुगीर असतं ते) आहे, नाभीय अंतर (भिंगापासून नाभीपर्यंतचं) आहे, आणि याने हिंदी मीडियमच्या कोणाचंतरी उत्तर जसंच्या तसं उतरवलेलं, 'की' सुद्धा काढला नव्हता. मग मी मागची सगळी पानं चाळली तर सगळीकडे तेच, वस्तुमानाच्या जागी द्रव्यमान, विवेचकाच्या जागी विविक्तकर, रोधाच्या जागी प्रतिरोध. लिपी एकच असल्यामुळे पोराला कळतच नाही की हा शब्द आपल्या पुस्तकातला नाहीये. मराठी मीडियमच्या पोरांसाठी या अ‍ॅपमधला सगळ्यात मोठा धोका हाच आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

त्याच पानावर गणित होतं. नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू भिंगापासून 15 सेमीवर, प्रतिमा कुठे? अ‍ॅपवरचं उत्तर 6 सेमी, वर पाचपैकी साडेचार स्टार, खाली थँक यूंची रांग. बरोबर उत्तर 30 सेमी आहे. कार्टेशियन चिन्ह संकेताप्रमाणे, म्हणजे कुठल्या बाजूचं अंतर अधिक आणि कुठलं उणे धरायचं त्या नियमाप्रमाणे, वस्तूचं अंतर उणे 15 घ्यायचं असतं, त्या माणसाने उणे चिन्ह टाकलंच नाही. आणि हे कळायला आकडेमोडही लागत नाही हो, वस्तू 10 आणि 20 च्या, म्हणजे नाभीय अंतर आणि त्याची दुप्पट यांच्या, मधे आहे म्हणजे प्रतिमा 20 च्या पलीकडे, मोठी आणि उलटी पडणार, किरणाकृती एकदा काढली असती तरी 6 चूक आहे हे दिसलं असतं. पण उत्तर आयतं मिळालं की आकृती काढतंय कोण. बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात, आणि इथे तर पहिली पायरीच चुकलेली.

असं का होतं ते नंतर मी स्वतः अकाउंट काढून बघितलं. प्रश्न विचारायला पॉइंट लागतात आणि पॉइंट मिळवायचे तर दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. मग ज्या पोराला स्वतःचा प्रश्न विचारायचाय ते घाईघाईत दुसरीकडे काहीही लिहून येतं, कुठून तरी कॉपी करून, कधी नुसतं 'मला पण हाच प्रश्न आहे' एवढंच. स्टार देणारी पण पोरंच, आणि त्यांना बरोबर काय तेच माहीत नसतं म्हणून तर ती तिथे आलेली असतात. तक्रारीचं बटण आहे, मी त्या 6 सेमीची तक्रार केली, तीन आठवड्यांनीही उत्तर तिथेच होतं.

एक माणूस मात्र खरंच भेटला. कोण, कुठले, माहीत नाही, बोलण्यावरून शिक्षक वाटले. मी तेच गणित मराठीत परत टाकलं होतं, रात्री पावणेअकराला त्यांचं उत्तर आलं, "बाळ, आधी आकृती काढ. वस्तू कुठे ठेवलीये ते बघ आणि मला फोटो पाठव." लेक वैतागला, म्हणला उत्तर द्यायचं सोडून हे काय. पण काढली आकृती. मग त्यांनी विचारलं, "आता सांग, वस्तू भिंगाच्या कुठल्या बाजूला आहे? मग चिन्ह काय येईल?" पंधरा-वीस मिनिटं चाललं हे, 30 पोराने स्वतः काढलं, विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट) उणे 2 तेही स्वतः, आणि वर मलाच समजावून सांगितलं की उणे म्हणजे प्रतिमा उलटी. त्या माणसाला अ‍ॅपने दिले तेवढेच पॉइंट जेवढे 6 सेमीवाल्याला दिले. याचं मला फार वाईट वाटतं. असे लोक टिकवायचे असतील तर अ‍ॅपने काहीतरी करायला हवं.

पैशाचं. जाहिरात न बघता उत्तर हवं तर महिन्याला 149 रुपये, आम्ही दोन महिने भरले, फरक काही नाही, उत्तरं तीच. बंद करताना नुसतं अ‍ॅप डिलीट करू नका, ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापणं, चालूच राहतं, तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधे जाऊन ते रद्द करा. आणि फुकटात काय आहे तेही सांगते कारण मला स्वतःला उशिरा कळलं, बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमधे फुकट आहेत, बीजगणित भूमितीच्या पुस्तकात शेवटी उत्तरसूची आहे, आणि धड्याच्या सुरुवातीचा क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. शब्द आपल्याच पुस्तकातले. आता आमच्याकडे नियम असा आहे की आधी स्वतः करायचं, मग उत्तरसूची, तरी अडलं तर अ‍ॅपवर 'उत्तर द्या' नाही लिहायचं, 'इथपर्यंत केलंय, पुढे का अडतंय' असं लिहून वहीचा फोटो टाकायचा. असं विचारलं की उत्तरं कमी येतात पण बरी येतात.

फोटोवरून आठवलं, हे नक्की तपासा. लेकाने सुरुवातीला जे फोटो टाकले त्यातल्या दोनात वहीचं लेबल दिसतंय, पूर्ण नाव, शाळा, तुकडी, हजेरी क्रमांक सगळं, आणि ते कोणालाही दिसतं. प्रश्नाला उत्तर आलं की आपल्याला तो डिलीट करता येत नाही. मुली असतील तर अजूनच जपा.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही त्या सरांचे. फोटो काढून टाका म्हणून कंपनीला मेल केलीये, आज अकरा दिवस झाले, उत्तर नाही. आलं की इथेच लिहीन.