फिलमाँटला नंबर: ट्रूपमधून, काउन्सिलमधून की एकट्याने?

मुलगा सातवीत असताना 'मला फिलमाँटला जायचंय' म्हणाला, की बहुतेक आईबाप पुढच्या उन्हाळ्याच्या तारखा बघायला लागतात. पहिली चूक इथेच होते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत सिमॅरॉनजवळ असलेल्या या स्काउट रँचवर, म्हणजे पाठीवर सॅक घेऊन डोंगरात ट्रेक करायच्या जागी, ट्रूपला (गावातल्या स्काउट पथकाला) जागा द्यायची लॉटरी साधारण दीड वर्ष आधी निघते. चौदाव्या वर्षी पाठीवर सॅक चढवायची असेल, तर अर्ज बाराव्या वर्षीच गेलेला हवा. तोही तुम्ही नाही, ट्रूपने करायचा.

जमिनीला तिथे तोटा नाही. तेलाच्या धंद्यात पैसा कमावलेल्या वेट फिलिप्स यांनी 1938 आणि 1941 साली दिलेली जमीन आणि नंतरची भर मिळून रँच सुमारे 1,40,000 एकरांची आहे. उन्हाळा मात्र आखूड, आणि देशभरातल्या ट्रूप्सचा डोळा त्याच काही आठवड्यांवर.

आमच्या घरात दोन पोरं दोन वेगळ्या दारांनी आत गेली. थोरला काउन्सिलच्या, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या ट्रूप्सवरच्या स्काउट संस्थेच्या तुकडीतून, धाकटी ट्रूपच्या क्रूमधून, म्हणजे ट्रेकला एकत्र चालणाऱ्या गटातून. तिच्या वेळी मी मोठ्यांपैकी एक म्हणून सोबत होते.

ट्रूपची लॉटरी लागली तर त्यासारखं सुख नाही. पोरं एकमेकांना ओळखतात. कोण सकाळी उठत नाही, कोण चुलीजवळ न सांगता कामाला लागतो, सगळं ठाऊक असतं. पण आकड्यांचं गणित सांभाळावं लागतं. क्रू 7 ते 12 जणांचा, त्यात 21 वर्षांवरची किमान दोन मोठी माणसं, आणि बहुसंख्य पोरंच हवीत. मुली असतील तर बाई सोबत हवीच. दीड वर्षात कुणाचं फुटबॉल निघतं, कुणाची बदली होते, आणि सुरुवातीला भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आमच्या दहांचे सात झाले. आणखी एक गळला असता तर सगळंच कोसळलं असतं. म्हणून ट्रूप लहान असेल तर 12 दिवसांच्या ट्रेकचाच हट्ट धरू नका. 7 आणि 9 दिवसांचेही ट्रेक असतात, आणि त्यासाठी रजा काढायला मोठी माणसं पटकन तयार होतात.

काउन्सिलच्या तुकडीचा हिशेब उलटा. जागा काउन्सिलने आधीच घेतलेली असते, तुम्ही फक्त मुलाचं नाव घालायचं. ट्रूपमधून एकटंच पोर जाण्याजोगं असेल, तर माझं मत सरळ याच बाजूने. प्रवास, मुक्काम, सराव सगळं ते बघतात. बहुतेक जण उंचीची सवय व्हावी म्हणून वाटेत कोलोरॅडोत एक-दोन दिवस थांबतात, त्यामुळे बिल वाढतं, पण ते वाया जात नाही. खरी अडचण माणसांची. थोरल्याच्या क्रूमध्ये पहिल्या सरावाला अकरा पोरं अकरा दिशांना तोंड करून बसली होती. सरावाच्या चार वाऱ्या झाल्यावर कुठे गाडी रुळावर आली. सराव बुडवणाऱ्या मुलाला या तुकडीत घालू नका, बाकीच्यांना ताप होतो.

तिसरं दार फारसं कुणी ठोठावत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. ऑर्डर ऑफ द ॲरोचा (निवडक स्काउट्सच्या मानाच्या संघटनेचा) सदस्य असलेल्या, सोळा पूर्ण झालेल्या मुलाला तिथल्या ट्रेल क्रूसाठी एकट्याने अर्ज करता येतो. 14 दिवस, त्यातले निम्मे पायवाट बांधायला, निम्मे चालायला. खर्च नेहमीच्या ट्रेकपेक्षा बराच कमी. शिवाय 21 दिवसांची आरओसीएस नावाची निसर्गसंवर्धनाची शाळा असते, आणि घोड्यांची आवड असलेल्यांसाठी रँच हँड्स नावाचा कार्यक्रम. इथे ना ट्रूप लागतो, ना सोबतीला आईबाप. कुदळ-फावडं मारायची तयारी मात्र हवी. 'शिखर कधी चढायचं' एवढंच डोक्यात असलेला मुलगा पहिल्या आठवड्यात वैतागेल.

दार कुठलंही असो, गाळणी साधारण एकच. ट्रेकसाठी वय 14, किंवा 13 पूर्ण आणि आठवी झालेली. डॉक्टरांचा फॉर्म, आणि उंची-वजनाचा तक्ता. हा तक्ता फक्त कागदावर नसतो. बेस कॅम्पवर पुन्हा काट्यावर उभं करतात. यात पोरं क्वचित अडकतात, बाबालोक अडकतात. आमच्यातले एक काका जानेवारीपासून रात्रीचा भात सोडून, जुन्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून कॉलनीला फेऱ्या मारत होते. जूनमध्ये काट्यावरून उतरले तेव्हा सगळ्या क्रूने टाळ्या वाजवल्या.

लॉटरी नाही लागली तर? वेटलिस्टवर नाव ठेवाच. क्रू गळतात, तारखा सुटतात, पण त्या सुटतात तेव्हा होकार लगेच द्यावा लागतो. ट्रूपमध्ये आठ जण 'बघू, सांगतो' म्हणणारे असतील तर त्या यादीचा उपयोग नाही. एकट्या मुलासाठी मात्र वसंतात शेजारच्या ट्रूप्सना विचारत राहावं. कुणाला तरी शेवटी एखाददुसरा गडी कमी पडतोच.

आणि एक पर्याय पाण्यावरचा. मिनेसोटात एलीला नॉर्दर्न टियर आहे, 1923 पासून चालू असलेला कनूचा (वल्ह्याने हाकायच्या अरुंद होडीचा) स्काउट तळ. वयाची अट जवळपास तीच, पण दमणूक वेगळी: फिलमाँटला बेस कॅम्पच सुमारे 6,700 फुटांवर आणि बाल्डी शिखर 12,441 फूट, तर इथे उंचीचा प्रश्नच नाही, डास, वल्हं, आणि दोन तळ्यांमध्ये कनू खांद्यावर घेऊन चालणं. बाउंडरी वॉटर्समध्ये, म्हणजे तिथल्या तळ्यांच्या राखीव जंगलात, एका गटात 9 पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, त्यामुळे पाच-सहा पोरांच्या ट्रूपला हे फिलमाँटपेक्षा सहज जमतं. धाकटीला आता तिथेच जायचंय. पोहण्याची चाचणी आधी द्यावी लागते म्हणून शनिवारी सकाळी तिला तलावावर सोडते आणि काठावर बसून ट्रूपच्या ईमेलना उत्तरं देते.